विळ्याचा बाक कुठे राहतो? : राजुरा, सिकलसेल आणि पेशीच्या सांगाड्याचा इतिहास

१/
१९७६ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे सॅम्युअल लक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सिकलसेलच्या रुग्णांच्या रक्तातील, विळ्यासारख्या कायमच्या वाकलेल्या तांबड्या पेशी त्यांनी घेतल्या. ज्या हिमोग्लोबिनमुळे पेशी वाकते ते त्यांनी धुऊन काढले. मग पेशीचे स्निग्ध आवरणही विरघळवले. मागे उरले प्रथिनांचे एक अतिसूक्ष्म जाळे, आणि ते जाळे अजूनही विळ्यासारखेच वाकलेले होते.

२/
कारण धुऊन निघाले, बाक मात्र राहिला. हे जाळे म्हणजे पेशीच्या आवरणाला आतल्या अंगाने बांधलेला प्रथिनांचा सांगाडा. सिकलसेलचा इतिहास बहुधा हिमोग्लोबिनचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आजच्या धाग्यात तो या जाळ्याच्या बाजूने पाहू, आणि पाहण्याचे ठिकाण असेल राजुरा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात 'सिकलसेल' हा शब्द घराघरांत ठाऊक आहे. या जाळ्याचे नाव मात्र क्वचितच कोणी ऐकलेले असते.

३/
प्रथम आजाराची ओळख. १९१० साली शिकागोचे वैद्य जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेल्या वॉल्टर क्लेमेंट नोएल या तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी आढळल्याचे लिहिले. वैद्यकीय वाङ्मयातील ही पहिली सविस्तर नोंद. १९२७ मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवले की ऑक्सिजन कमी झाला की या पेशी वाकतात आणि तो परत मिळाला की सरळ होतात. हा दुसरा भाग, 'परत सरळ होतात', लक्षात ठेवावा. पुढचा सारा पेच तेथेच आहे.

४/
१९४९ साली लायनस पॉलिंग, हार्वे इटानो, एस. जे. सिंगर आणि आयबर्ट वेल्स यांनी सिद्ध केले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. 'रेणूचा आजार' ही कल्पना तेथून रूढ झाली. १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इंग्रॅम यांनी नेमका फरक शोधला : ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. प्रथिनाच्या लांब साखळीतील केवळ एक कडी बदललेली. असे बदललेले रेणू ऑक्सिजन गमावताच एकमेकांना चिकटून ताठ तंतू बनवतात, आणि त्या तंतूंच्या रेट्याने पेशी वाकते.

५/
भारतातील पहिल्या नोंदी १९५२ च्या. लेहमान आणि कटबुश यांना नीलगिरीच्या डोंगरी जमातींत, तर डनलॉप आणि मजुमदार यांना अप्पर आसामातील चहामळ्यांच्या मजुरांत या पेशी दिसल्या. चहामळ्यांसाठी मजूर मध्य आणि पूर्व भारताच्या आदिवासी पट्ट्यातून नेले जात, हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. १९५८ मध्ये नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलची नोंद दिली. विदर्भ आता या नकाशावर आला.

६/
या वर्षांत राजुरा कुठे होते? १९५२ मध्ये हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात. वर्धा नदीच्या ऐलतीरी राजुरा आणि पैलतीरी बल्लारपूर. पण ही नदी आधी निजामाचे राज्य आणि मध्य प्रांत यांची सीमा होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा तालुका नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात. म्हणजे नागपूरची नोंद प्रसिद्ध झाली तेव्हा राजुरा कागदोपत्री नांदेडचे होते. दप्तरे दोन वेळा बदलली. नदीच्या दोन्ही काठांवर सोयरीक असलेल्या माणसांचे रक्त तेच राहिले.

७/
हा गुणधर्म याच पट्ट्यात इतका का? उत्तराचा पहिला धागा हिवतापाकडे जातो. हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेत पाहिले. ते निजामाचेच राज्य, आणि राजुराही त्याच राज्यात. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले की ज्यांना सिकलसेलचे जनुक एकाच पालकाकडून मिळाले आहे, त्यांना फाल्सिपॅरम हिवतापाविरुद्ध संरक्षण मिळते. जंगल, पाणी, डास आणि हिवताप जेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले, तेथे हे जनुक टिकले.

८/
त्या काळात काही अभ्यासकांनी या पेशींवरून वंशांच्या स्थलांतराचे आडाखे बांधले. कुठल्या जमाती कुठून आल्या, कोणाचे नाते आफ्रिकेशी, असे निष्कर्ष रक्ताच्या थेंबावरून काढले गेले. १९८६ मध्ये कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी जनुकाच्या आजूबाजूच्या खुणा तपासल्या. अरबस्तान-भारत पट्ट्यात हा बदल आफ्रिकेपासून स्वतंत्रपणे घडला असल्याचे पुरावे त्यांना मिळाले. एका जनुकावरून एखाद्या समाजाची वंशावळ लिहिण्याच्या घाईला त्यामुळे चाप बसला.

९/
आता मूळ पेच. १९२७ च्या निरीक्षणानुसार ऑक्सिजन मिळताच पेशी सरळ व्हायला हवी, आणि बहुतेक पेशी होतातही. पण रुग्णाच्या रक्तात काही पेशी भरपूर ऑक्सिजन असूनही वाकलेल्याच राहतात. त्यांच्या आत तेव्हा तंतू नसतात, हिमोग्लोबिन मोकळे असते, तरी आकार विळ्याचाच. हिमोग्लोबिनची कथा येथे अपुरी पडते. बाक जर हिमोग्लोबिनमध्ये नसेल, तर तो पेशीत दुसऱ्या कुठल्या तरी ठिकाणी साठलेला असला पाहिजे.

१०/
त्यासाठी पेशीची भिंत समजून घेऊ. आपल्याकडची कुडाची भिंत डोळ्यांसमोर आणावी : आत बांबूच्या कामट्यांचा ताटवा, वरून मातीचा लेप. नुसता लेप उभा राहणार नाही. नुसता ताटवा वारा-पाणी अडवणार नाही. दोन्ही एकत्र धरून ठेवायला जागोजागी गाठी लागतात. तांबड्या पेशीतही तसेच. बाहेर स्निग्ध पदार्थांचे पातळ पेशीपटल, त्याच्या आतल्या अंगाला प्रथिनांचे जाळे, आणि या दोहोंना बांधणाऱ्या प्रथिनांच्या गाठी.

११/
हे जाळे कसे सापडले? तांबडी पेशी फोडून हिमोग्लोबिन काढून टाकले की फिकट, रिकामे आवरण उरते. प्रयोगशाळांत त्याला 'घोस्ट', म्हणजे भूत, म्हणत. १९६८ मध्ये व्हिन्सेंट मार्केसी आणि एडवर्ड स्टीअर्स यांनी या 'भुतां'मधून एक मोठे प्रथिन वेगळे केले. भुताला इंग्रजीत 'स्पेक्टर' असाही शब्द आहे; त्यावरून प्रथिनाचे नाव पडले स्पेक्ट्रिन. विज्ञानाच्या परिभाषेत भुताने कायमची जागा मिळवली ती अशी.

१२/
पुढची दहा वर्षे वेगाने गेली. १९७१ मध्ये फेअरबँक्स, स्टेक आणि वॉलाक यांनी पेशीपटलातील प्रथिने आकारानुसार पट्ट्यांत वेगळी करून त्यांना क्रमांक दिले. 'बँड ३', '४.१' ही नावे त्या क्रमांकांवरून आली. १९७२ मध्ये पेशीपटल हा प्रवाही थर असून त्यात प्रथिने तरंगतात, हे प्रतिमान सिंगर आणि निकोल्सन यांनी मांडले. हे सिंगर म्हणजे १९४९ च्या सिकलसेल शोधनिबंधातीलच एस. जे. सिंगर. १९७३ मध्ये यू, फिशमन आणि स्टेक यांनी साबणासारख्या द्रव्याने स्निग्ध थर विरघळवला, तरी खाली जाळे शाबूत उरते हे दाखवले.

१३/
थर प्रवाही आणि जाळे मात्र टिकाऊ. मग दोघे जोडलेले कशाने? १९७९ मध्ये व्हॅन बेनेट आणि स्टेनबक यांनी उत्तर दिले. एक प्रथिन एका बाजूने स्पेक्ट्रिनला आणि दुसऱ्या बाजूने पेशीपटलातील बँड ३ ला धरते. त्याला नाव मिळाले अँकिरिन. ग्रीक भाषेत 'अँकिरा' म्हणजे नांगर. नांगर येथे शेतातला नव्हे, गलबताचा. दुसरी गाठ प्रथिन ४.१ ची. स्पेक्ट्रिनचे लांब धागे ॲक्टिनच्या आखूड काड्यांना जेथे मिळतात, तेथे ती बसते.

१४/
सारे मिळून षट्‌कोनी विणीचे जाळे तयार होते. स्पेक्ट्रिनचा पूर्ण ताणलेला एक धागा सुमारे २०० नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरचा पाच हजारावा भाग. तांबडी पेशी साधारण ७ ते ८ मायक्रोमीटर रुंद असते आणि तिला त्याहून अरुंद केशवाहिन्यांतून वळणे घेत जावे लागते. निरोगी पेशी असा प्रवास सुमारे १२० दिवस करते. दाबली जाते, लांबते, पुन्हा पूर्ववत होते. हे पूर्ववत होणे जाळ्याचे काम. तिला केंद्रक नसल्यामुळे बिघडलेले प्रथिन बदलून नवे घडवण्याची सोय तिच्याजवळ नाही.

१५/
आता १९७६ चा प्रयोग पुन्हा पाहू. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी शरीरात फिरताना वारंवार वाकते आणि वारंवार सरळ होते. प्रत्येक वेळी जाळ्याला ताण बसतो. ओली बांबूची कामटी वाकवून बांधून ठेवली आणि तशीच वाळली, तर दोर सोडल्यावरही ती सरळ होत नाही. लक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले ते हेच : स्पेक्ट्रिन आणि ॲक्टिन यांच्या जाळ्याची वीणच त्या बाकात बसून गेली होती. हिमोग्लोबिनच्या दोषाची खूण आता हिमोग्लोबिनवाचूनही टिकत होती.

१६/
याचा रुग्णाच्या देहाशी संबंध काय? ताठर पेशी लवकर फुटतात. १२० दिवसांऐवजी सिकलसेलच्या पेशी सरासरी १० ते २० दिवस जगतात. त्यातून पंडुरोग आणि कावीळ. वाकलेल्या, चिकट पेशी बारीक वाहिन्या अडवतात. त्यातून सांध्यांच्या, हाडांच्या, छातीच्या असह्य वेदना. म्हणून आजार लवकर ओळखणे महत्त्वाचे. पेशी वारंवार वाकण्याआधीच उपचार मिळाले, तर पुढचे बरेच नुकसान टळू शकते.

१७/
आता कथेचे आश्चर्यकारक वळण. हिवतापाच्या फाल्सिपॅरम परजीवीलाही हेच जाळे हवे असते. तो तांबड्या पेशीत शिरल्यावर तिच्या जाळ्यातील ॲक्टिन उचलतो आणि त्याच्या वाटा बांधतो. त्या वाटांनी स्वतःची चिकट प्रथिने पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचवतो. मग ती पेशी वाहिन्यांच्या भिंतींना चिकटते. मेंदूपर्यंत जाणारा प्राणघातक हिवताप होतो तो या चिकटण्यामुळे. म्हणजे परजीवी घर फोडत नाही. घराचा ताटवा उसवून स्वतःसाठी जिना बांधतो.

१८/
२०११ मध्ये मारेक सिर्क्लाफ आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की 'एस' आणि 'सी' प्रकारचे हिमोग्लोबिन असलेल्या पेशींत परजीवीला हा जिना नीट बांधता येत नाही. सिकलसेल जनुकाच्या संरक्षणाची ही एकमेव यंत्रणा नव्हे, पण महत्त्वाची आहे. जनुक एकाच पालकाकडून आले, तर या जाळ्यापाशी परजीवीची वाट अडते. दोन्ही पालकांकडून आले, तर हेच जाळे कायमचे वाकते. वनप्रदेशातील शेकडो वर्षांचा हिशेब या एका जागी लिहिलेला आहे.

१९/
ही प्रथिने केवळ रक्ताची नाहीत. स्पेक्ट्रिनच्याच कुळातील डिस्ट्रोफिन स्नायूपेशीचे आवरण आतल्या ॲक्टिनशी जोडते. ते नसले की आकुंचन पावताना स्नायूपेशीचे आवरण फाटत जाते; लहान मुलांना होणारा ड्यूशेन स्नायुविकार तो हाच. डिस्ट्रोफिनची ओळख १९८७ साली पटली. २०१३ मध्ये मज्जातंतूंच्या लांब शाखांतही ॲक्टिन आणि स्पेक्ट्रिन यांची ठरावीक अंतरावरची कडी दिसली. जेथे पेशीला ताण सोसायचा असतो, तेथे आवरण आणि सांगाडा यांची गाठ घट्ट असावी लागते.

२०/
पुन्हा आपल्या प्रदेशाकडे येऊ. १९८६ मध्ये अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभारली. तिच्या आरंभीच्या अभ्यासांत सिकलसेलचा समावेश होता. पुण्याचे सुधीर काटे यांनी महाराष्ट्रातील आदिवासी समाजांत दीर्घकाळ तपासण्या केल्या. २००२ मध्ये काटे आणि लिंगोजवार यांनी लिहिले की माडिया, परधान, भिल्ल, पावरा आणि ओतकर समाजांत या जनुकाचे प्रमाण २० ते ३५ टक्के आढळते. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ आणि नंदुरबार या जिल्ह्यांत प्रत्येकी ५,००० हून अधिक रुग्ण असावेत, असा त्यांचा अंदाज होता.

२१/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे थांबावेसे वाटते ते नावांपाशी. विदर्भातील सिकलसेलच्या आरंभीच्या नोंदी जातवार आहेत; त्यांत 'महार' हा शब्द ठळक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चांद्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या साक्षीने लाखोंनी बौद्ध धम्म स्वीकारला. समाजाने स्वतःचे नाव बदलले, आणि नागपूरची 'लॅन्सेट'मधील नोंद आली त्यानंतर दोन वर्षांनी. पुढच्या अनेक वैद्यकीय लेखांतही जुनेच नाव चालू राहिले. माणसांनी टाकून दिलेले नाव कागदाने धरून ठेवले.

२२/
त्या नोंदींमागे वाईट हेतू होता असे नाही. कोणत्या समाजात तपासणी आधी करावी हे ठरवायला असे आकडे लागतात. पण त्यांतून 'हा अमक्यांचा आजार' असा समज पसरला, आणि तो खोटा आहे. सिकलसेल आदिवासींत, बौद्धांत आणि इतर मागास वर्गांतही आढळतो. जनुकाला जात कळत नाही. त्याला कळतो फक्त हिवतापाचा इतिहास आणि कोणी कोणाशी लग्न केले हा हिशेब. समज मात्र जाळ्यासारखाच वागतो. कारण निघून गेल्यावरही बाक धरून बसतो.

२३/
या समजाची सर्वांत मोठी किंमत लग्नाच्या बैठकीत मोजली जाते. म्हणून गणित स्पष्ट लिहितो. एकाच पालकाकडून जनुक मिळालेली व्यक्ती 'वाहक' असते. ती रुग्ण नव्हे, आणि सामान्यतः निरोगी आयुष्य जगते. वाहक आणि वाहक नसलेली निरोगी व्यक्ती यांच्या अपत्याला सिकलसेलचा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि जनुक मुळीच नसण्याची २५ टक्के. यात आईचा वाटा जितका, तितकाच बापाचा. दोष सुनेवर टाकण्याला शास्त्राचा कसलाही आधार नाही.

२४/
उपचारांचाही इतिहास आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते. ते हिमोग्लोबिन तंतू बनू देत नाही, त्यामुळे पेशी कमी वेळा वाकते आणि जाळ्यावरचा ताण घटतो. मोठ्या रुग्णांत त्याचा लाभ १९९५ च्या अमेरिकी चाचणीत सिद्ध झाला. २०१२ मध्ये नागपूरच्या दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र आजार असलेल्या भारतीय मुलांत दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम इतक्या कमी, ठरावीक मात्रेचाही उपयोग होतो हे दाखवले. वनप्रदेशातील दवाखान्यासाठी हे मोठे काम : मात्रा कमी, खर्च कमी, देखरेख सोपी.

२५/
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. तपासणीचा आकडा गाठणे हा अर्धा भाग. कार्डावर 'वाहक' लिहून आले, की त्या घरात बसून त्या शब्दाचा अर्थ गोंडीत, कोलामीत, वऱ्हाडी-झाडीच्या मराठीत समजावून सांगणारे माणूस हवे. नाही तर तपासणीतूनच नवा कलंक तयार होतो.

२६/
१९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, फवारणी झाली, बऱ्याच भागांत हिवताप ओसरला. गडचिरोलीच्या जंगलात तो अजून आहे. ओसरला तेथेही जनुक लगेच नाहीसे झाले नाही. ते अनेक पिढ्या राहील. राजुऱ्याच्या घरांत आज जो विळा दिसतो, तो त्या जुन्या हिवतापाने मागे ठेवलेला आहे. त्यात कोणाच्या कुळाचा कमीपणा नाही. पूर्वज ज्या तापातून जगून निघाले, त्या जगण्याची ही किंमत आहे, आणि ती वाटून घेण्याची जबाबदारी साऱ्या समाजाची आहे.

२७/
हिमोग्लोबिन धुऊन काढल्यावर उरलेले ते वाकलेले जाळे प्रयोगशाळेत सरळ करता आले नाही. पेशी वाकण्याआधीच तिच्यापर्यंत पोचणे, हा त्यावरचा इलाज. समजुतींचेही तसेच, त्या रुजण्याआधी शाळेत, ग्रामसभेत, लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी बोलले पाहिजे. राजुरा, जिवती, कोरपना, गोंडपिपरी किंवा वर्धेच्या पलीकडच्या वाचकांकडे जुन्या दवाखान्यांच्या, फवारणीच्या, पहिल्या रक्ततपासणी शिबिरांच्या आठवणी असतील, तर रुग्णांची नावे न देता जरूर लिहाव्यात. या प्रदेशाच्या आरोग्याचा इतिहास अजून पुरता लिहिला गेलेला नाही.

(धागा समाप्त)